आधी वैर, मग प्रीती

प्रेमकथेचा शेवट कसा होणार, हे वाचकाला बहुधा पहिल्या प्रकरणातच कळलेले असते. नायक-नायिकेचे मीलन होणार हे ठाऊक असूनही तो शेकडो पाने वाचतो, ते मीलन कोणत्या वाटेने होते हे पाहण्यासाठी. आजच्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांत विशेष लोकप्रिय झालेली वाट म्हणजे, प्रारंभी एकमेकांचे तोंडही पाहू न इच्छिणारी दोन माणसे अखेरीस एकमेकांची होतात. आपल्या घरांतील तरुण मुलेमुलीही या कादंबऱ्या आवडीने वाचतात. म्हणून या कथांचे आकर्षण कशात आहे, आणि त्यांतील काय घ्यावे व काय टाकावे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

जुनेच बीज

ही कल्पना नवी नाही. शेक्सपिअरच्या, १६०० साली छापल्या गेलेल्या, 'मच अ‍ॅडो अबाउट नथिंग' या नाटकात बिअ‍ॅट्रिस व बेनेडिक एकमेकांवर वाग्बाण सोडता सोडताच प्रेमात पडतात. १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये डार्सी भर नृत्यसमारंभात एलिझाबेथला ऐकू जाईल असा तिच्या रूपाचा उपमर्द करतो, आणि कथेला तेथूनच वेग येतो. ही कादंबरी भारतीय घरांनाही परकी राहिली नाही. दूरदर्शनने १९८५ साली 'तृष्णा' या मालिकेतून तिला हिंदी रूप दिले, आणि २००४ च्या 'ब्राइड अँड प्रेज्युडिस' या चित्रपटाने तिला अमृतसरात आणले. मराठी रसिकांना तर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे १९११ चे 'मानापमान' आठवेलच. धैर्यधराची गरिबी पाहून त्याचा अपमान करणारी भामिनी, पुढे वनमालेच्या वेषात त्याचा पराक्रम व शील जवळून पाहते आणि त्याच्यावर अनुरक्त होते.

आजच्या कादंबरीकारांनी हेच बीज नव्या भूमीत पेरले आहे. ऑस्ट्रेलियन लेखिका सॅली थॉर्न यांच्या 'द हेटिंग गेम' या २०१६ च्या कादंबरीत ल्यूसी आणि जोशुआ हे एकाच प्रकाशनसंस्थेत समोरासमोरच्या टेबलांवर बसतात आणि एकाच बढतीसाठी झगडतात. दरबार, छावणी आणि नृत्यशाळा यांची जागा कचेरीने घेतली, एवढाच फरक.

आकर्षण कशाचे?

पूर्वीच्या प्रेमकथांत अडथळा बाहेरून येई. कुळ, संपत्ती किंवा वडिलांचा विरोध यांपैकी काहीतरी प्रेमिकांच्या आड उभे राही. शहरांत एकत्र शिकणाऱ्या आणि एकत्र नोकरी करणाऱ्या तरुणांच्या कथेत हे अडथळे पुष्कळदा दुबळे पडतात. मग लेखकाला अडथळा मनातच उभारावा लागतो. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही आपली म्हण येथे अक्षरशः खरी ठरते, कारण या कथांतील खरे वैर माणसाशी नसते, मनाने त्याच्या रंगविलेल्या चित्राशी असते.

दुसरे असे की, वैरी जितक्या बारकाईने आपल्याकडे पाहतो तितके अनेकदा आप्तही पाहत नाहीत. जोशुआच्या रोजनिशीतील खुणांचे कोडे उलगडते तेव्हा ल्यूसीला कळते की, तो तिच्या पोशाखाचीही दररोज नोंद घेत होता. शिवाय ज्याने आपले दोष आधीच पाहिले आहेत, त्याच्यापुढे सोंग आणावे लागत नाही. माझे वाईटात वाईट रूप पाहूनही कोणी मला आपले म्हणेल काय, ही प्रत्येक मनातील सुप्त शंका या कथा मिटवितात.

परंतु सर्वांत मोठा आनंद मत बदलण्याचा आहे. एलिझाबेथ डार्सीची मागणी ठामपणे नाकारते. तो आपली बाजू पत्राने मांडतो. ते पत्र ती प्रथम रागाने वाचते. पुन्हा वाचताना मात्र आपण किती आंधळेपणाने निवाडा केला, हे तिला उमगते. त्याच पत्रात तिच्या कुटुंबाविषयी कठोर बोलणारा डार्सीही पुढे स्वतःचा गर्व ओळखतो, तिच्या बहिणीची लाज गुपचूप राखतो आणि त्याचा डांगोरा पिटत नाही. दोघेही बदलतात, आणि कोणी कोणाला वाकवीत नाही.

विवेकाची रेषा

येथेच सावधपणाची गरज आहे. ज्या शेक्सपिअरने बिअ‍ॅट्रिस निर्माण केली, त्यानेच 'द टेमिंग ऑफ द श्रू' लिहिले. त्यात पेट्रुशिओ नवपरिणीत कॅथरिनला अन्न व झोप मिळू न देता 'वठणीवर' आणतो. वासुदेव बाळकृष्ण केळकरांच्या 'त्राटिका' या रूपांतराने हा विषय मराठी रंगभूमीवरही गाजविला. वरवर पाहता दोन्ही नाटके भांडणातून जुळणाऱ्या जोडप्यांचीच आहेत. पण एकात बरोबरीची लढत आहे आणि दुसऱ्यात छळ आहे. आजही काही कादंबऱ्यांत नायकाचा पाठलाग, धमक्या आणि अपमान 'उत्कट प्रेम' म्हणून रंगविले जातात. कोवळ्या वयात असे वाचन पुष्कळ झाले, तर दुखावणारा माणूस अंतर्यामी प्रेमळच असतो, असा घातक समज मनात रुजू शकतो.

म्हणून पुस्तक मिटताना तीन प्रश्न विचारावेत. दोघे समान भूमीवर उभे होते काय? एकाने 'नाही' म्हटले तेव्हा दुसऱ्याने ते मानले काय? आणि वैर मावळले ते चूक कळल्यामुळे, की एक जण सोसून थकल्यामुळे? दुसऱ्यांदा मागणी घालताना, तुमचे मन बदलले नसेल तर मी यापुढे कायमचा गप्प राहीन, असे डार्सी सांगतो. त्याच्या साऱ्या ऐश्वर्यापेक्षा हा संयम मोठा आहे.

घरातील मुलीच्या हाती अशी कादंबरी दिसली, तर ती हिसकावून घेऊ नये. तिचे वाचून झाल्यावर आपणही वाचावी, आणि नायकाचे कोणते वागणे तिला आवडले, कोणते खटकले, हे जेवताना सहज विचारावे. मुलगा वाचत असेल, तर त्यालाही हाच प्रश्न विचारायला विसरू नये.