पाळी कुणाची, हे यंत्राने ठरवायचे का?

गळीत हंगाम सुरू झाला की गट कार्यालयात एकच प्रश्न ऐकू येतो : "माझी तोड कधी?" कारखान्याच्या टाइम ऑफिससमोर कामगारांचा प्रश्न थोडा निराळा असतो : "माझी पाळी कोणती?" दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच. माणसे मोजकी, काम ठरलेले आणि वेळ बांधलेली. मग कोण, कधी, कुठे, हे ठरवायचे कुणी आणि कशाच्या आधारावर?

सभासद बंधू-भगिनींनो, हा प्रश्न आता कारखान्याच्या फाटकाआत राहिलेला नाही. आपल्याच घरची मुले-मुली आज पेट्रोल पंप चालवतात, औषधाचे दुकान चालवतात, कुणी रस्त्याकडेला हॉटेल टाकले आहे, तर कुणाचे दूध संकलन केंद्र आहे. पाच-दहा माणसे हाताखाली असतात. त्यांच्या पाळ्या लावता लावता मालकाची रात्र जाते आणि सकाळी एकाचा फोन येतो : "मालक, आज जमणार नाही." अशा वेळी मोबाईलवर जाहिरात दिसते, की कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे लोक जिला 'एआय' म्हणतात ती, महिनाभराच्या पाळ्या चुटकीसरशी लावून देईल. यात तथ्य किती आणि सावध कुठे राहायचे, ते या लेखात पाहू.

आठवा माणूस

आधी हिशेब मांडू. चोवीस तास चालणारा एक पेट्रोल पंप घ्या. दिवसाच्या तीन पाळ्या, प्रत्येक पाळीला दोन माणसे. आठवड्याच्या पाळ्या झाल्या २१ आणि माणसांच्या हजेऱ्या झाल्या ४२. प्रत्येकाला आठवड्याची एक सुट्टी द्यायची, म्हणजे एक माणूस सहा हजेऱ्या भरतो. ४२ भागिले ६, म्हणजे सात माणसे. कागदावर हिशेब तंतोतंत जुळला. पण एकजण तापाने पडला किंवा एकाच्या बहिणीचे लग्न निघाले, की कुणाला तरी सलग दोन पाळ्या कराव्या लागणार. इथे यंत्र कितीही हुशार असो, ते आठवा माणूस निर्माण करू शकत नाही. पाळ्या जुळत नाहीत याचे कारण पुष्कळदा वेळापत्रकात नसते, माणसांच्या संख्येत असते. हे आधी तपासावे आणि मग यंत्राच्या मागे लागावे.

मग यंत्राचा उपयोग काय? गंमत बघा. सात माणसांतून दोघांची जोडी २१ प्रकारे निवडता येते. अशा २१ पाळ्या भरायच्या, म्हणजे २१ ला २१ वेळा मांडून गुणाकार करायचा. उत्तर येते २८ अंकी! त्यातल्या बहुतेक मांडण्या निरुपयोगी असतात. कुणाला सुट्टी मिळत नाही, तर कुणी रात्रीनंतर लगेच सकाळी उभा. चांगली मांडणी या ढिगातून शोधून काढणे हे माणसाला जिकिरीचे आणि संगणकाला सोपे काम आहे.

ही विद्या नवी नाही

पाळ्यांचे गणित नवे आहे असे कुणी समजू नये. अमेरिकेत न्यूयॉर्क बंदर प्राधिकरणात लेस्ली एडी नावाचे अभियंते होते. पूल आणि बोगद्यांच्या टोल नाक्यांवर किती वाहने येतात, किती वेळ थांबतात, कोणत्या वेळेला किती खिडक्या उघड्या हव्यात आणि वसुली करणाऱ्यांना विश्रांती कधी द्यायची, याचा अभ्यास करून त्यांनी १९५४ साली निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी जॉर्ज डँटझिग या गणितज्ञाने हे पाळ्यांचे कोडे समीकरणांत कसे मांडता येते ते दाखवले. आज पाळ्या लावणारी जी चांगली संगणक-साधने आहेत, त्यांचा पाया हाच.

बाजारात एआय या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी मिळतात, त्यांतला फरक ध्यानात ठेवावा.

पहिली, नियम पाळून मांडणी शोधणारी. तिला नियम दिले की ती एक तर नियमांत बसणारे वेळापत्रक देते, नाही तर "एवढ्या माणसांत हे बसत नाही" असे सरळ सांगते. हे 'नाही'सुद्धा मालकाच्या फायद्याचे असते.

दुसरी, मागच्या विक्रीवरून पुढच्या गर्दीचा अंदाज बांधणारी.

तिसरी, चॅटजीपीटीसारखी बोलणारी. तिला मराठीत सांगितले तरी ती तक्ता करून देते, हे सोयीचे खरे. पण ही 'नाही' म्हणायला कचरते. नियम जुळत नसले तरी तक्ता भरून देते. कधी एकच नाव दोन ठिकाणी पडते, कधी कुणाची सुट्टी गळते. तेव्हा तिच्या तक्त्यातली प्रत्येक आडवी ओळ आणि उभा रकाना मोजून पाहावा. व्यापारी जसा दिवसाचा गल्ला मोजल्याशिवाय झोपत नाही, तसेच.

यंत्राला तिथी कळत नाही

अंदाज बांधणाऱ्या साधनाबाबत आपल्या भागात एक खास अडचण आहे. ते साधन मागच्या वर्षीची तारीख बघते, आपली गर्दी मात्र तिथीवर चालते. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, २०२५ साली ते २१ ऑक्टोबरला आले. तीन आठवड्यांचा फरक! गावची यात्राही अशीच पुढेमागे होते. शिवाय गळीत हंगाम सुरू झाला, की ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, ट्रॅक्टर-ट्रकची ये-जा वाढते, डिझेल, चहा, किराणा सगळ्याचा खप बदलतो. पाऊस लांबला की हंगामही लांबतो. हे यंत्राला आपण होऊन समजत नाही, आपण सांगावे लागते. आठवडी बाजाराचा वार, यात्रेची तारीख, हंगामाचा आरंभ आणि शेवट, एवढे जो मालक हाताने भरतो त्याचाच अंदाज कामाचा ठरतो.

परक्या देशातला धडा

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. अमेरिकेत स्टारबक्स ही कॉफीच्या दुकानांची मोठी साखळी आहे. तिथे पाळ्या संगणक लावत असे. गर्दी होईल तेव्हा माणसे बोलवायची, ओसरली की मजुरी वाचवायची, एवढाच त्याचा हिशेब. २०१४ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने तिथे काम करणाऱ्या एका तरुण आईची हकीकत छापली. पाळ्या अगदी थोडे दिवस आधी कळायच्या, रात्री दुकान बंद करणाऱ्यालाच पहाटे ते उघडायला यावे लागे, लेकराला कुठे ठेवायचे हा रोजचा प्रश्न. बातमीनंतर कंपनीने रात्र-पहाटेची ही जोडपाळी बंद करण्याचे आणि वेळापत्रक निदान आठवडाभर आधी लावण्याचे जाहीर केले. पुढे २०१७ साली ऑरेगन राज्याने मोठ्या दुकानांसाठी आणि हॉटेलांसाठी कायदाच केला. त्यानुसार २०१८ पासून सात दिवस आणि २०२० पासून चौदा दिवस आधी पाळ्या सांगणे बंधनकारक झाले.

यंत्र तिथे बिघडले नव्हते. त्याला सांगितले होते तेच त्याने केले. फक्त मजुरी वाचवायला सांगितले, माणसाची झोप मोजायला कुणी सांगितलेच नाही.

कुणी म्हणेल, कामगाराची एवढी सोय बघितली तर धंदा कसा चालायचा? याचेही उत्तर तिथेच मिळाले. गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या २८ दुकानांत २०१५-१६ मध्ये विद्यापीठांतील अभ्यासकांनी प्रयोग केला. काही दुकानांत पाळ्या स्थिर आणि आधी कळतील अशा ठेवल्या, काहींत पूर्वीसारख्याच. स्थिर पाळ्यांच्या दुकानांत विक्री सुमारे सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. कारण समजण्यासारखे आहे. अनुभवी माणूस टिकला की गिऱ्हाईकही टिकते.

नियम आधी फळ्यावर

म्हणून आपल्या मुलांनी हे साधन जरूर वापरावे, पण काही गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात.

एक, नियम चारचौघांत बसून लिहावेत. रात्रपाळी सर्वांना फिरती असेल. दोन पाळ्यांमध्ये पुरेशी झोप मिळेल. दिवाळी, ईद, १४ एप्रिल, गावची यात्रा, ज्याला जो दिवस मोलाचा तो त्याने आधी सांगावा. मागच्या सणाला कोण कामावर होते याची नोंद ठेवावी. ही नोंद नसली, की जो तोंड उघडत नाही त्याच्याच वाट्याला प्रत्येक सणाची रात्र येते. यंत्राच्या लेखी तो फक्त 'उपलब्ध' असतो.

दोन, कायद्याची चौकट यंत्राला आधी द्यावी. आपल्या राज्याचा दुकाने व आस्थापनांचा कायदा २०१७ चा आहे. दुकान बाराही महिने उघडे ठेवता येते, पण कामगाराची साप्ताहिक सुट्टी चुकवता येत नाही आणि जादा कामाला दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. दिवसाचे तास आणि कायदा किती कामगारांच्या आस्थापनेला लागू, या तरतुदी बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ साली घेतला आहे. म्हणून तासांचे आकडे कामगार कार्यालयात विचारूनच भरावेत. रात्रपाळीला महिला असतील तर त्यांची संमती आणि सुरक्षित घरपोच व्यवस्था आधी, तक्ता नंतर.

तीन, वेळापत्रक निदान आठवडाभर आधी भिंतीवर लावावे. नुसता मोबाईलवर फोटो पाठवून भागत नाही. आयत्या वेळी बदल झाला तर तो कुणी केला आणि का, हे खाली लिहावे.

चार, कामगारांचे आजार, फोन नंबर, घरची अडचण, असली माहिती यंत्रात भरू नये. "सोमवार नको" एवढे पुरेसे आहे.

आपल्या उसापर्यंत

हे सगळे सभासदाने का वाचावे? कारण हे यंत्र उसाच्या बांधावर येऊन पोहोचले आहे. बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानने उसात एआयचे प्रयोग केले आहेत. राज्य सरकारने २०२५ ते २०२९ साठी शेतीतील एआयचे धोरण आखले आहे. आज पाणी आणि खत सांगणारे यंत्र उद्या तोडणीचा कार्यक्रमही लावू शकेल. तेव्हा पंपावरचा कामगार जिथे उभा आहे, तिथे आपण उभे असू.

तोड उशिरा आली की काय होते, हे सभासदाला शिकवायला नको. तुरा आलेला ऊस रानात वाळतो, वजन घटते, खोडवा मागे पडतो. तेव्हा लागणीच्या तारखेला किती मान, पक्वतेला किती, वाहतुकीच्या सोयीला किती, हे यंत्रात कुणी भरले? पुढचा नंबर मागे गेला तर तो यंत्राने नेला की माणसाने? हे प्रश्न विचारण्याचा हक्क आपला आहे आणि ते विचारण्याची जागा सर्वसाधारण सभा आहे. चांगल्या यंत्राचा इथे फायदाही आहे. नियम एकदा उघड लिहिले, की वशिल्याने सरकवलेली चिठ्ठी लगेच उघडी पडते.

तात्पर्य एवढेच. पाळ्या यंत्राने लावाव्यात, नियम माणसांनी ठरवावेत, आणि ज्याच्यावर ते लागू होणार त्याला ते आधी वाचायला मिळावेत. घरच्या धंद्यात चार माणसांना ही वागणूक आज जो देईल, त्याला उद्या कारखान्याकडे तीच मागताना मान खाली घालावी लागणार नाही.