खेळण्यातील बैलाचे मोल

पोळ्याचा दुसरा दिवस म्हटला की पांढुर्ण्याच्या संबंधात जो तो जाम नदीच्या पात्रातील गोटमारीविषयी बोलू लागतो. त्याच दिवशीचा तान्हा पोळा त्या गलबल्यात मागे पडतो. नागपूरप्रमाणेच सौंसरच्या बाजूसही मुले चाकांचे लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि बोजारा मिळवितात. पांढुर्णा व सौंसर हे तालुके २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून निघून त्यांचा नवा जिल्हा झाला. सण मात्र वऱ्हाड-नागपूरकडचेच राहिले.

असा बैल आजोबांकडून नातवाकडे येतो, आणि एखादे वर्षी चाक मोडले म्हणून अडगळीत पडतो. पुढे भंगारवाला तो लाकडाच्या भावाने उचलतो. त्याचे मोल याहून अधिक आहे काय? असल्यास ते कशावरून ठरवावे?

या बाबतीत इटलीतील संग्राहकांची रीत पाहण्याजोगी आहे. फ्लॉरेन्सजवळील माँतेलुपो हे कुंभारकामाचे जुने गाव. तेथील बितोस्सी कारखान्यात आल्दो लोंदी या कलावंताने दुसऱ्या महायुद्धानंतर मातीचे घोडे, बैल, मांजरे, घुबडे घडविली. ओल्या मातीवर ठशांनी नक्षी उमटवायची आणि वर गडद निळी झिलई चढवायची, ही त्यांची ओळख. ती त्या काळी घरात मांडण्याची साधी शोभेची वस्तू होती. आज संग्राहक तिच्यासाठी चांगले पैसे मोजतात.

जाणता ग्राहक असे जनावर हाती घेताच प्रथम उलटे करतो. तळाशी हाताने घातलेला क्रमांक व देशाचे नाव आढळते. क्वचित आयात करणाऱ्या पेढीची चिठ्ठीही टिकून असते. मग तो कान, शिंगे व शेपटी यांवरून बोट फिरवितो, कारण टवका उडाला की किंमत उतरते आणि लपविलेली डागडुजी त्याहून वाईट. निळी मालिका पुढेही निघत राहिल्याने नवे नग जुने म्हणून खपण्याचा धोका असतो. भाव ठरविताना दुकानदाराने मागितलेला आकडा पाहायचा नाही. तसाच नग प्रत्यक्ष केवढ्याला विकला गेला, तो पाहायचा.

आपल्या बैलाच्या पोटाखाली क्रमांक नाही, सुताराची सही नाही. त्याची साक्ष अंगावरच असते: झिजलेला आस, दोरीने घासलेले भोक, वर्षानुवर्षे चढलेले रंगाचे थर. येथे इटालियन नियम जसाच्या तसा लावून चालणार नाही. झिलईचा टवका हा दोष खरा. पण खेळून झिजलेले चाक हा दोष कसा म्हणावा? नवा चकचकीत रंग देण्यासाठी जुने थर खरवडणे मात्र निखालस नुकसानीचे. उत्साही मालक नेमके तेच करतात.

नोंदीने मोल कसे पालटते, याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातील इनामगावचे आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात तेथे मातीचा एक छोटा बैल मिळाला, तीन हजार वर्षांहून जुना. सुटा सापडता तर तो खेळणे म्हणूनच गणला जाता. परंतु तो घराच्या जमिनीखाली, मस्तकहीन देवीच्या मूर्तीसह मिळाला, आणि त्या स्थितीची टिपणे झाली. बैलाच्या पाठीस भोक होते. त्यात काडी बसवून देवी वर बसवीत असावेत, हे त्यामुळे कळले. तो देवीचे वाहन ठरला.

लाकडी बैलाला ही साक्ष फक्त घरातील वडीलधारी मंडळीच देऊ शकतात. कोणत्या गावच्या सुताराने, कोणत्या साली, कोणाच्या जन्मानिमित्त तो केला, हे कागदावर लिहून तो कागद बैलाबरोबर ठेवावा. पोटाखाली बारीक अक्षरांत गाव व साल घालण्यासही हरकत नाही. बैल शंभर वर्षांपलीकडचा असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये खासगी व्यक्तीस तो परदेशी पाठविता येत नाही, हेही विक्रीपूर्वी ध्यानात असावे. मोडलेले चाक तेवढे टाकू नये. नवे बसविले तरी जुने त्याच फडक्यात बांधून ठेवावे.