उपग्रह, नकाशा आणि सुरतेचे पूल

सुरतेच्या रिंग रोडवर कापड बाजाराला लागून लांबलचक उड्डाणपूल आहे. पुलावरून निघालेली गाडी आणि पुलाखाली टेम्पो-रिक्षांच्या गर्दीत उभी असलेली गाडी, दोन्हींचे अक्षांश-रेखांश जवळजवळ एकच असतात. रस्ता दाखवणाऱ्या यंत्राला त्यामुळे गाडी वर आहे की खाली, हे पुष्कळदा ओळखता येत नाही. चालक चुकून वर चढला, तर पूल उतरेपर्यंत परत फिरायची सोय नसते. या शहरात लहानमोठे मिळून शंभराहून अधिक पूल आहेत. त्यामुळे गाडीसाठी जीपीएस निवडणे आणि ते वापरायची सवय करणे हा इथे रोजच्या कामाचा विषय आहे.

लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), दिवाळीला, लग्नसराईत गाड्या नंदुरबार, धुळे, जळगावकडे निघतात. घरात पहिली गाडी आली की ‘कोणता जीपीएस चांगला?’ हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर शोधण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करावी. यंत्र दोन वेगळी कामे करते. आपण कुठे आहोत हे ते उपग्रहांकडून जाणून घेते आणि तिथून रस्ता कसा जातो हे ते माणसांनी तयार केलेल्या नकाशावरून सांगते. यांतल्या पहिल्या कामात मोठी चूक फार क्वचित होते. फसवणूक होते ती बहुतेक वेळा दुसऱ्यात.

आधी पहिले काम पाहू. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसाला दोन फेऱ्या मारतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते आणि तो ‘मी अमुक जागी आहे, आत्ता अमुक वेळ झाली’ एवढेच सतत सांगत राहतो. तो संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला यावरून अंतर निघते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली की जागा ठरायला हवी. पण यंत्रातले घड्याळ स्वस्तातले असते आणि ते सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने जरी चुकले तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. ती चूक काढून टाकण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन पाचेक मीटरपर्यंत अचूक जागा सांगतो. उंचीच्या बाबतीत मात्र चूक याहून बरीच मोठी असते, आणि उड्डाणपूल खालच्या रस्त्यापासून पाच-सात मीटरच वर असतो. पुलावर यंत्र गोंधळते ते यामुळे.

महिधरपुरा किंवा गोपीपुऱ्यातल्या अरुंद गल्लीत आणखी एक अडचण येते. दोन्ही बाजूंच्या इमारतींमुळे आकाशाची फक्त एक पट्टी दिसते, आणि उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून लांबच्या वाटेने पोहोचतो. अंतर वाढल्यासारखे वाटते आणि पडद्यावरची गाडी शेजारच्या गल्लीत उडी मारते. काही नव्या फोनमध्ये दोन वेगळ्या लहरींवर संदेश घेण्याची सोय असते, तिथे हा त्रास कमी होतो. फोन घेताना खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ‘एल-१’ आणि ‘एल-५’ दोन्ही लिहिले आहे का ते पाहावे. माझ्या मते ही बाब पडद्याच्या आकारापेक्षा अधिक महत्त्वाची आहे.

आपल्या इस्रोची ‘नाविक’ यंत्रणाही एल-५ वर संदेश देते. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. पुढे सुरुवातीच्या उपग्रहांतली आयात केलेली अणुघड्याळे एकेक करून बिघडली. म्हणून २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहात भारतात घडवलेले रुबिडियम घड्याळ बसवले. ते अहमदाबादच्या स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटरमध्ये तयार झाले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. तरीही केवळ ‘नाविक’ हा शब्द वाचून यंत्र विकत घेऊ नये. जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि नाविक अशा सर्वांचे उपग्रह जे ऐकते ते यंत्र चांगले.

आता निवड. काचेवर चिकटवायचे स्वतंत्र जीपीएस यंत्र एके काळी गाडीच्या सामानाच्या दुकानांत सहज मिळे. त्याची जागा आज फोनने घेतली आहे. त्या यंत्राचा नकाशा आतच साठवलेला असतो, तो नियमित नवा करावा लागतो. जुने यंत्र कोणी स्वस्तात देत असेल, तर त्यातल्या रस्त्यांचे क्रमांक पाहा. मुंबईचा रस्ता ‘आठ’ आणि धुळ्याचा ‘सहा’ दाखवत असेल, तर तो नकाशा फार जुना आहे. ते आता राष्ट्रीय महामार्ग ४८ आणि ५३ आहेत. शिवाय इंटरनेट नसलेले यंत्र सुरू केल्यावर लगेच जागा सांगू शकत नाही. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती हळूहळू पाठवतो आणि ती पूर्ण मिळायला अर्धा मिनिट लागतो. फोन तीच माहिती मोबाइल नेटवर्कवरून क्षणात घेतो.

बहुतेकांनी फोन आणि एक मजबूत होल्डर एवढेच घ्यावे, असे मला वाटते. गाडीत कंपनीचा मोठा पडदा असेल तर फोन त्याला जोडून नकाशा तिथे पाहावा. गाडीतच बसवून दिलेल्या नेव्हिगेशनचा एक फायदा खरा आहे. चाकांचा वेग आणि वळण मोजून ते उपग्रह दिसत नसतानाही थोडे अंतर अंदाज बांधते, म्हणून रेल्वेच्या गरनाळ्यातून, म्हणजे रुळांखालच्या रस्त्यातून, जाताना ते हरवत नाही. बाजारात बाहेरून बसवून घेतलेल्या अँड्रॉइड स्टीरिओबद्दल एकच सूचना. त्याच्यासोबत तारेला जोडलेली छोटी अँटेना येते. बसवणारा पुष्कळदा ती स्टीरिओच्या मागे, पत्र्याच्या आड कोंबून देतो. ती समोरच्या काचेखाली, आकाश दिसेल अशी बसवून घ्या आणि पैसे देण्यापूर्वी शेजारच्या रस्त्याने एक फेरी मारून पाहा. काचेवरची धातूमिश्रित फिल्मही उपग्रहाचा संदेश अडवते.

फोन काचेच्या मधोमध लावू नये, समोरचे दिसायला हवे. एसीच्या झडपेवर लावलेला होल्डर सुरतेच्या उन्हाळ्यात बरा, कारण चार्जिंग आणि नकाशा एकाच वेळी सुरू असताना तापलेला फोन पडदा मंद करतो किंवा चार्जिंग थांबवतो. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार गाडी चालवताना असे साधन केवळ मार्ग पाहण्यासाठी वापरता येते, तेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. ठिकाण टाकायचे ते गाडी उभी असताना.

सवय लावताना सुरुवात ओळखीच्या रस्त्यापासून करा. घरून कामावर जायचा रस्ता तुम्हाला पाठ असतो, तरी तिथे मॅप लावा आणि आवाज ऐका. ‘दोनशे मीटरवर डावीकडे’ म्हणजे नेमके किती लांब, हे कानाला कळायला काही दिवस जातात. सूचना येते कधी आणि प्रत्यक्षात वळायचे कधी, यातला फरक ओळखीच्या वाटेवरच समजतो. आवाजाची भाषा झटकन कळेल ती ठेवा. नकाशा गाडीच्या दिशेने फिरणारा ठेवायचा की उत्तर कायम वर, हे दोन्ही करून ठरवा. नवख्याला पहिला प्रकार सोपा जातो.

मग पुलांकडे वळा. सहारा दरवाजा किंवा मजुरा गेटकडे जाण्यापूर्वी घरीच मार्ग मोठा करून पाहा, पूल घ्यायचा की खालून जायचे हे ठरवून निघा. गूगल मॅप्सने जुलै २०२४ मध्ये देशातल्या ४० शहरांत पुढचा उड्डाणपूल घ्यायचा का हे सांगण्याची सोय जाहीर केली. मॅपमायइंडियाच्या मॅपल्स अॅपमध्ये काही चौकांचे चित्रच पडद्यावर येते. दोन्ही वापरून पाहा. चुकलात तर चौकात ब्रेक मारू नका, सरळ जा. यंत्र नवा मार्ग काढते.

गावी निघताना ठिकाण तपासून घ्या. नवापूरला जायचे असेल आणि एक अक्षर पुढेमागे झाले, तर यादीत सुरतेतलाच नवापुरा येतो. नावाखाली नंदुरबार जिल्हा लिहिला आहे ना, ते पाहूनच पुढे जा. बारडोली, व्यारा, सोनगड मागे टाकून कोंडाईबारीच्या घाटाकडे निघालात की नेटवर्क मध्येच जाऊ शकते. उपग्रहाला त्याने काही फरक पडत नाही, जागा कळतच राहते. अडते ते नकाशाचे आणि वाहतुकीच्या माहितीचे. सुरत ते धुळे पट्ट्याचा नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवा.

सर्वांत जास्त सावधगिरी नकाशाबाबत हवी. जानेवारी २०२१ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री एक गाडी धरणाच्या पाण्यात गेली. नकाशावर रस्ता होता, पूल मात्र पाण्याखाली होता. एकाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून गाडी कोसळून तिघे गेले. दोन्ही ठिकाणी गाडी नेमकी कुठे आहे हे यंत्राला उपग्रहांवरून कळू शकत होते, पुढच्या रस्त्याची अवस्था कळायला मार्ग नव्हता. सुरतेत पावसाळ्यात खाडीपूर आला की लिंबायतमधले, मिठी खाडीलगतचे रस्ते बुडतात आणि गरनाळी भरतात. मेट्रोच्या कामासाठी रस्ते वळवले जातात. पडद्यावर निळी रेघ सरळ दिसत असली तरी समोर पाणी, बॅरिकेड किंवा निर्मनुष्य अंधार दिसला, तर गाडी थांबवा आणि पानाच्या टपरीवर विचारा.

आणि एक विनंती. आपल्या सोसायटीकडची गल्ली नकाशात चुकीची असेल, बंद रस्ता चालू दाखवला असेल, तर अॅपमध्ये चूक कळवायची सोय असते. गाडी उभी करून ती जरूर वापरा. डिंडोलीतल्या नव्या वसाहतीत रात्री पेशंट घ्यायला येणाऱ्या रुग्णवाहिकेचा चालकही तोच नकाशा पाहत असतो.