जुन्या मोटारींचें जतन

इ. स. १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसईचा किल्ला सर केला. त्या प्रसंगीं येथील चर्चांच्या घंटा मराठ्यांनीं आपल्या मुलुखांत नेल्या व देवालयांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराची व भीमाशंकरची घंटा त्यांपैकींच होत, हें वसईकरांस ठाऊकच आहे. ह्या घंटा आज शाबूत आहेत, कारण त्यांना कोणी अडगळींत टाकलें नाहीं. त्यांस एक काम मिळालें व राखणारे हात मिळाले. मनुष्याच्या हातच्या सर्वच वस्तूंना हा नियम लागू पडतो. ज्या वस्तूंना तो विशेषेंकरून लागू पडतो, त्या जुन्या मोटारींविषयीं ह्या लेखांत चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम "जुनी मोटार" म्हणजे काय, हें पाहूं. इंग्लंडांतील शौकीन लोक १९१९ ते १९३० ह्या काळांत तयार झालेल्या गाड्यांनाच 'व्हिंटेज' म्हणतात. त्यापूर्वींच्या व नंतरच्या गाड्यांस त्यांनीं निराळीं नांवें दिलीं आहेत. आपल्या देशांत मात्र कायद्यानें सोपी व्याख्या केली आहे. जुलै २०२१ मध्यें मध्यवर्ती सरकारनें मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. तिच्या अन्वयें प्रथम नोंदणीस पन्नास वर्षें पूर्ण झालेलीं खाजगी दुचाकी व चारचाकी वाहनें 'व्हिंटेज' ठरतात. मात्र त्यांचा सांगाडा, बाह्य अंग व इंजिन ह्यांत भारी फेरफार झालेला नसावा.

मोटारीचा इतिहास फार लांबचा नाहीं. कार्ल बेंझ ह्या जर्मन यंत्रज्ञानें १८८६ च्या जानेवारींत आपल्या तीनचाकी गाडीचा हक्क नोंदविला. परंतु तिजवर लोकांचा विश्वास बसला तो त्याच्या पत्नीच्या धैर्यामुळें. १८८८ च्या ऑगस्टांत बर्था बेंझ ही बाई पतीस न विचारतां दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाली. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती तिनें टोपीच्या टाचणीनें साफ केली. इंधन संपलें, तें एका औषधविक्याच्या दुकानांतून घेतलें. ब्रेक झिजले, त्यांवर चांभाराकडून कातडें ठोकवून घेतलें. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास हा अशा रीतीनें पहिल्या दुरुस्तीचाहि प्रवास होता!

आपल्या मुंबई इलाख्यांतहि हें यंत्र लवकरच रुजलें. १९२८ मध्यें शिवडी येथें जनरल मोटर्स कंपनीनें परदेशाहून आलेले भाग जोडून मोटारी बनविण्यास आरंभ केला. पुढें शेठ वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली व तिच्या कुर्ला येथील कारखान्यांतून डॉज, प्लिमथ आणि नंतर फियाट गाड्या बाहेर पडल्या. १०८९ घन सेंटिमीटरचें इंजिन असलेली ही फियाट मुंबईपासून डहाणूपर्यंत घरोघरच्या माणसांच्या ओळखीची झाली. तीच पुढें 'पद्मिनी' ह्या नांवानें टॅक्सी होऊन काळ्या-पिवळ्या रंगांत दोन पिढ्या धांवली, आणि ऑक्टोबर १९२३ नव्हे, तर अगदीं परवांच्या ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. म्हणजे ज्या गाडींत आपले वडील बसले, ती गाडीच आतां पुराणवस्तु होऊं पाहत आहे.

हा छंद केवळ श्रीमंतांचा, असा एक समज आहे. राजेरजवाड्यांच्या गाड्या पाहून तो झाला असावा. कोल्हापूरच्या छत्रपति घराण्याची मेबॅक मोटार शाही दसऱ्याच्या सोहळ्यांत दसरा चौकांत येते, तेव्हां ती पाहावयास लोटणारी गर्दी आम्हांस ठाऊक आहे. शेठ प्राणलाल भोगीलाल ह्यांनीं अहमदाबादजवळ काठवाडा येथें जमविलेला संग्रहहि थोर आहे. तथापि ह्या छंदाचें खरें बळ साधारण गृहस्थांत आहे. आजोबांची फियाट, काकांची लँब्रेटा, मामांची बुलेट. हीच त्यांची संपत्ति.

आतां ह्या जुन्या यंत्राची गोडी कशांत आहे? आम्हांस वाटतें, त्याच्या उघडेपणांत. आजच्या मोटारीचा बराचसा कारभार बंद पेटींतील संगणक पाहतो. जुन्या मोटारींत कार्य व कारण डोळ्यांसमोर घडतात. कार्ब्युरेटरमध्यें एक पोकळ तरंग असतो; पेट्रोल वर चढलें कीं तो वर उचलला जाऊन सुईनें वाट बंद करतो, उतरलें कीं उघडतो. बारीक भोकांतून पेट्रोलचा तुषार हवेंत मिसळतो, विजेची ठिणगी तें मिश्रण पेटविते, दट्ट्या खालीं ढकलला जातो व चाक फिरतें. बिघाडाची लक्षणेंहि वैद्यास नाडी सांपडावी तशीं सांपडतात. धूर निळसर असेल तर तेल जळतें आहे. काळा असेल तर पेट्रोल अधिक जातें आहे. स्पार्क प्लग काढून पाहावा: बिस्किटासारखा तपकिरी रंग असल्यास प्रकृति उत्तम समजावी.

चालविण्यांतहि शिस्त लागते. १९२८ मध्यें कॅडिलॅक गाडीनें गिअर सहज पडण्याची युक्ति आणली. त्यापूर्वींच्या बहुतेक गाड्यांत गिअर बदलतांना क्लच दोनदां दाबावा लागतो व दोन चाकांचा वेग कानानें जुळवावा लागतो. हँडल मारून इंजिन चालू करतांना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, मुठींत गुंडाळूं नये. इंजिन उलट फिरलें तर मनगट मोडतें. १९१२ मध्यें विजेचा स्टार्टर आला, तो हें संकट टाळण्यासाठींच.

वसई-विरारच्या शौकिनांपुढें दोन शत्रु उभे आहेत. पहिला शत्रु म्हणजे समुद्राचा वारा. लोखंडास हवा व पाणी मिळालें कीं गंज चढतो; पाण्यांत मीठ असेल तर तो फार त्वरेनें चढतो. अर्नाळा, कळंब, भुईगांवच्या बाजूस उघड्यावर ठेवलेली गाडी दोन-तीन पावसाळ्यांत दारांच्या तळापासून खाऊन निघते. ह्यावर उपाय साधे आहेत. गाडी गोड्या पाण्यानें धुवावी. दारांच्या तळाचीं पाणी निघण्याचीं भोकें मोकळीं ठेवावीं. प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधूं नये, कारण आंतील वाफ पत्र्यावरच बसते. छप्पर व कापडी आच्छादन बरें. आठवड्यांतून दोन मिनिटें इंजिन चालवून बंद करणें हें तर अपकारक आहे. गाडी पुरती तापेपर्यंत चालवावी, म्हणजे तेलांतील व धुराड्यांतील ओल निघून जाते.

दुसरा शत्रु नवीन आहे. अलीकडे आपल्या देशांत पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलें जातें. शेतकऱ्याच्या व देशाच्या दृष्टीनें त्याचे लाभ असतील. परंतु इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें आणि जुन्या रबराच्या नळ्या व वॉशर फुगवितें. म्हणून जुन्या नळ्या बदलून इथेनॉलास टिकणाऱ्या घालाव्या, आणि गाडी दीर्घ काळ उभी राहणार असेल तर टांकी रिकामी करावी. सुटलेलें पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकलें तर गाडीच नव्हे, घरहि जळेल.

येथें एक खेदाची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आमच्या परिचयाच्या एका घरीं केळीच्या वाडीच्या कडेला आजोबांची फियाट उभी होती. आजोबा वारल्यावर तिच्याकडे कोणी पाहिलें नाहीं. पुढें भिंत बांधावयास जागा हवी झाली व गाडी भंगारवाल्यास वजनावर गेली. दुसऱ्या वर्षीं नातवास कपाटांत आजोबांची वही मिळाली. तींत गाडीच्या प्रत्येक दुरुस्तीची तारीख व खर्च, एवढेंच नव्हे तर कोणास प्रसूतीसाठीं रात्रीं इस्पितळांत नेलें, हेंहि लिहिलेलें होतें. वही वाचून तो मुलगा रडला. गाडीची किंमत भंगारवाल्यानें बरोबर केली असेल. तिचें मोल मात्र त्या वहींत होतें.

अशी चूक एकट्या माणसाकडून होते. मंडळी असली तर टळते. म्हणूनच हा छंद संगतीनें करण्याचा आहे. एकापाशीं जुनें माहितीपुस्तक असतें, दुसऱ्यास कुर्ल्याच्या वा चोरबाजाराच्या दुकानांतील सुटे भाग ओळखतां येतात, तिसऱ्याची वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींतील लेथवाल्याशीं ओळख असते. न मिळणारा भाग नमुन्यावरून घडवून घेतां येतो. रविवारीं मिस्सेनंतर चार माणसें एका बॉनेटभोवतीं जमतात, तेथें हिंदु, ख्रिस्ती, मुसलमान, पारशी असा भेद उरत नाहीं. वयोवृद्ध मिस्त्री बोटानें दाखवितो आणि महाविद्यालयांतील तरुण पाना फिरवितो. हे मिस्त्री आतां थोडे राहिले आहेत. गाडीपेक्षांहि त्यांचें ज्ञान आधीं वांचविलें पाहिजे. कारण गंजलेला पत्रा पुन्हां घडवितां येतो, विझलेली विद्या येत नाहीं.

मुंबईस अशा गाड्यांच्या मिरवणुका निघतात; दिल्लींत १९६४ पासून त्यांची परंपरा आहे. लंडनहून ब्रायटनपर्यंतच्या वार्षिक यात्रेंत तर १९०५ पूर्वींच्याच गाड्या घेतल्या जातात. आपल्या कायद्यानेंहि अशा गाडीस 'व्ही ए' अक्षरांचा वेगळा नोंदणी क्रमांक, नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क व दहा वर्षांची मुदत ठरविली आहे. प्रदर्शन, मिरवणूक, संशोधन, दुरुस्ती व इंधन भरणें एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणतां येते. रोजच्या वापरास किंवा धंद्यास नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांस मोटार घ्या असें आम्ही सांगत नाहीं. तुमच्या घरच्या पडवींत एखादी जुनी सायकल, शिवणयंत्र किंवा स्कूटर असेल. ती भंगारांत देण्यापूर्वीं तिची कथा घरांतील वडील माणसांस विचारा व लिहून ठेवा. मग वडिलांच्या अनुमतीनें ती पुसा, तेल घाला, उघडून पाहा. आरंभ ब्रेकपासून करा. जें थांबूं शकत नाहीं, तें चालवूं नये. काढलेला प्रत्येक स्क्रू ओळीनें मांडा, म्हणजे धीर व नीटनेटकेपणा हे गुण आपोआप अंगीं बाणतील.

शुभवर्तमान आपणांस शिकवितें कीं आपण जगांतील वस्तूंचे धनी नसून कारभारी आहों. विश्वासू कारभाऱ्याकडून हिशेब मागितला जाईल, तेव्हां आपण किती नवें विकत घेतलें हें कोणी विचारणार नाहीं. हातीं आलेलें कसें सांभाळलें, हेंच विचारलें जाईल.