अपंग सैनिकाचें वाहन

शहाडच्या रस्त्यावर कल्याण कचेरीच्या 'एमएच ०५' या खुणेच्या मोटारी आपण नित्य पाहतों. अमेरिकेंतील कित्येक राज्यांत युद्धांत अपंग झालेल्या सैनिकांस वाहनाची विशेष पाटी विनामूल्य मिळते. आपल्याकडे पाटीवरून मालक सैनिक होता कीं नाहीं, हें कळत नाहीं. तथापि कायद्यानें अपंगांचा, मग ते सैनिक असोत वा नसोत, विचार निराळ्या रीतीनें केला आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें, स्वतःसाठीं फेरफार केलेलें वाहन चालविण्यास अपंग मनुष्य योग्य ठरला, तर त्यास तेवढ्यापुरता परवाना मिळूं शकतो. पाय निकामी झालेल्यास ब्रेक हातानें लावतां येईल, अशी रचना करितात. पूर्वीं इंग्रजी कायद्यांत अशा गाडीस 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणत. २०१९ च्या दुरुस्तीनें 'अडॅप्टेड व्हेइकल' हे शब्द आले. उणेपण माणसाच्या नांवावरून गेलें, हें आम्ही मोठेंच समजतों.

१९६५ च्या युद्धांत जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर यांनीं १९७२ सालीं हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्यें पोहण्यांत सुवर्णपदक मिळविलें. अशांस दया नको, वाट हवी. म्हणून, विद्यार्थी मित्रहो, अपंगांच्या वाहनासाठीं राखलेली जागा घरच्या गाडीनेंहि कधीं अडवूं देऊं नका.