सेल्फ फिरतो, गाडी सुरू होत नाही

जानेवारीत निफाडचा पारा घसरला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा वर्तमानपत्रांत झळकतो. द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. त्याच पहाटे पिंपळगाव बसवंत किंवा लासलगावच्या बाजारासाठी माल भरून ठेवलेली एखादी जुनी डिझेल पिकअप हमखास अडून बसते. सेल्फ फिरत राहतो, इंजिन काही केल्या धरत नाही. ड्रायव्हर आधी बॅटरीला दोष देतो, मग पंपाला, शेवटी थंडीला. तिघेही थोडेथोडे दोषी असू शकतात आणि गोंधळ होतो तो इथेच. दुपारपर्यंत बॅटरी नवी आलेली असते, फिल्टर नवा आलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच.

इथे चर्चा आहे ती कॉम्प्युटर नसलेल्या, साध्या यांत्रिक पंपाच्या इंजिनाची. त्यात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. रुडॉल्फ डिझेलने १८९७मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला जे इंजिन चालवून दाखवलं, त्याचं मर्म हेच होतं: हवा इतकी दाबायची की तिच्याच उष्णतेने इंधन पेटावं. सायकलचा पंप मारताना खालचं टोक हाताला गरम लागतं, तोच प्रकार. फक्त इथे हवा अठरा-वीस पटींनी दाबली जाते.

थोडं गणित केलं तर थंडीचा गुन्हा नेमका किती, ते कळतं. दाबलेल्या हवेचं तापमान मूळ तापमानाच्या पटीत वाढतं आणि ही पट केल्विनमध्ये मोजायची असते. हवा १८ पट दाबली आणि उष्णता जराही वाया गेली नाही तर, ही पट साधारण ३.२ येते. म्हणजे १० अंश सेल्सिअसची, अर्थात २८३ केल्विनची हवा ६२० अंशांच्या पुढे जाते. डिझेल आपोआप पेटायला सुमारे २१० अंश पुरतात, त्यामुळे कागदावर काळजीचं कारणच नाही. पण कागदावरच्या सिलिंडरच्या भिंती थंड नसतात आणि कागदावरच्या रिंगा झिजत नाहीत. प्रत्यक्षात सेल्फवर हळू फिरणाऱ्या थंड, जुन्या इंजिनात ही पट दोनच्या आसपास उतरू शकते. मग २८३ केल्विनचे होतात ५६६, म्हणजे २९३ अंश सेल्सिअस. शिवाय ते २१० अंश प्रयोगशाळेत भरपूर वेळ देऊन मोजलेले आहेत. इंजिनात इंधनाला पेटायला काही मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात पेटायचं तर हवा पुष्कळ जास्त तापलेली हवी. दुपारी ३५ अंशांना हीच हवा ३४३पर्यंत पोहोचते. बाहेरचा २५ अंशांचा फरक आत ५० अंशांचा होतो. पहाटे अडून बसलेली गाडी दुपारी गुमान सुरू होते ती यामुळे.

आता यात सेल्फचा वेग घाला. मिनिटाला २०० फेऱ्या मिळाल्या तर पिस्टन खालून वर यायला ०.१५ सेकंद लागतो, १००च मिळाल्या तर ०.३ सेकंद. वेळ दुप्पट झाला की रिंगांजवळून निसटायला आणि भिंतींना उष्णता द्यायलाही हवेला दुप्पट सवड मिळते. म्हणजे बॅटरी कमजोर असली की लक्षणं मात्र कॉम्प्रेशन गेल्यासारखी दिसतात. निदानाला सुरुवात विजेपासून करायची ती याच कारणाने. तिथला दोष बाकीच्या सगळ्या दोषांचं सोंग घेतो.

आणि विजेचा दोष म्हणजे बॅटरीच, असं मुळीच नाही. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना ती ९.६च्या खाली जायला नको. इतकं बरेच जण बघतात. पुढची चाचणी फार थोडे करतात, आणि माझ्या मते पैसे वाचवणारी चाचणी तीच. इंजिन सुरू होऊ नये म्हणून पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची, म्हणजे डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची, वायर काढून ठेवायची. मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खुंटावर टेकवायचं, क्लॅम्पवर नव्हे, खुद्द खुंटावर. दुसरं टोक इंजिन ब्लॉकच्या खरवडून स्वच्छ केलेल्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. आकडा पाव-अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग ठीक. दीड-दोन व्होल्ट दिसले तर चोर सापडला.

हे दोन व्होल्ट येतात कुठून? सेल्फ सहज २०० अँपिअर ओढतो. टर्मिनलवरच्या पांढऱ्या-हिरव्या बुरशीने किंवा गंजलेल्या अर्थच्या पट्टीने ०.०१ ओहम एवढा क्षुल्लक रोध निर्माण केला तरी २०० गुणिले ०.०१, म्हणजे २ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. सेल्फच्या वाट्याचे ४०० वॉट त्या एका सांध्यात उष्णता होऊन जातात. सांधा हाताला चटका देतो. अर्थची पट्टी पुरती तुटली असेल तर वीज दुसरी वाट शोधते आणि कधी अॅक्सिलरेटरची केबलच तापू लागते.

सेल्फ जोमात फिरतोय, तरीही इंजिन धरत नाही, अशा वेळी मागे जाऊन सायलेन्सरकडे पाहावं. धूर अजिबात नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचतंय, पेटत मात्र नाही. तो धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलचे बारीक थेंब. एवढ्या एका नजरेने अर्धं गॅरेज बाद होतं.

पांढरा धूर दिसला तर आधी हीटर, म्हणजे ग्लो प्लग बघावेत. प्लगचं टोक लालबुंद होतं आणि थंड हवेत तेवढी एक जागा पेटण्याजोगी तापते. तपासणी सोपी आहे: प्लगवरची वायर काढा, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं प्लगच्या डोक्याला. दिवा लागला नाही तर आतली तार तुटलेली. चारपैकी दोन गेले असतील तर इंजिन आधी दोन सिलिंडरवर खडखडत उठतं. हीटर चांगले असूनही धूर पांढराच राहिला, आणि चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढल्यावर तिथून भकाभक वाफारा आला, तर मेकॅनिक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच. मग हीटरच्या भोकात गेज लावून कॉम्प्रेशन मोजायचं.

हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरणारे अजून भेटतात. विज्ञान त्यांच्या बाजूने आहे: आत जाणारी हवा जेवढी तापेल त्याच्या दुपटीने आतलं तापमान वाढतं. पण डिझेलने माखलेल्या इंजिनाशेजारी जाळ धरणं हा वेडेपणाच. इथरचा स्प्रे त्याहून वाईट. तो १६० अंशांच्या आसपासच पेटतो, त्यात हीटर चालू असेल तर पिस्टन वर येण्याआधीच भडका उडतो आणि रिंगा तुटतात.

धूरच नसेल तर चावी फिरवून पंपाकडे कान द्यावा. स्टॉप सोलेनॉइडचा टक् असा आवाज आलाच पाहिजे. तो येत असेल तर जुन्या पिकअपचं सगळ्यात फसवं दुखणं शिल्लक राहतं: लाइनने एअर धरणं. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीतून डिझेल ओढलं जातं, त्यामुळे तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. नळीला बारीक चीर पडली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत शिरते. खाली डाग नाही, वास नाही. मालक छातीठोकपणे सांगतो, गळती नाही. रात्रभरात त्या चिरेतून हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे उतरतं.

याची परीक्षा फुकटात होते. सकाळी सेल्फ मारण्याआधी फिल्टरवरचा हॅन्ड पंप कडक होईपर्यंत मारा. त्यानंतर गाडी चटकन उठली तर डिझेल उतरत होतं हे पक्कं. दुसरी परीक्षा उताराची. एक रात्र गाडी तोंड वर करून लावा, दुसऱ्या रात्री तोंड खाली करून. तोंड वर असताना टाकी इंजिनाच्या आणखी खाली जाते आणि डिझेल उतरायला वाट मिळते. गंमत अशी की सेल्फचा भरवसा नसलेले ड्रायव्हर धक्का स्टार्टच्या सोयीसाठी गाडी नेहमी तोंड खाली करूनच लावतात आणि स्वतःच हा दोष महिनोन्‌महिने झाकून ठेवतात. नेमकी जागा शोधायला पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी जोडावी. बुडबुडे दिसले की एकेक सांधा टाकीच्या दिशेने तपासत जावा. अनेकदा सापडतो तो कडक झालेला रबरी पाइप किंवा पुन्हा वापरलेला तांब्याचा वॉशर.

काही पिकअप उलट्या चालीच्या असतात. सकाळी एका झटक्यात सुरू, पण माल उतरवून तासाभराने निघायचं म्हटलं की हटून बसतात. तिथे संशय रोटरी पंपाच्या हेड रोटरवर, म्हणजे डिझेल दाबून सिलिंडरांना वाटणाऱ्या भागावर. डिझेल तापलं की पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून निसटतं. सेल्फच्या मंद वेगावर नोझल उघडण्याइतका दाबच तयार होत नाही. पंपावर गार पाण्याचं ओलं फडकं पाचदहा मिनिटं ठेवल्यावर गाडी सुरू झाली तर संशय बळावतो. थेट पाणी ओतू नये, तापलेला पंप आतून जाम होऊ शकतो. पंप कॅलिब्रेशनला पाठवण्याआधी मात्र गरम इंजिनावर सेल्फचे व्होल्ट आणि वेगही बघून घ्यावेत. सेल्फ इंजिनाला चिकटूनच तापत असतो, आणि तांबं ६० अंशांनी तापलं की त्याचा रोध जवळजवळ पावपट वाढतो.