खाणीतला हात, सौरपंपाचे काम

वाचकहो, घुग्घुस, वणी, राजुरा या कोळशाच्या पट्ट्यात तुमचा एखादा सोयरा असेलच. तेथे खाणीने शेत घेतले आणि नोकरी दिली. कोल इंडियाच्या २०१२ च्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असा हिशेब आहे. थोरल्याला ती लागली, धाकटा ठेकेदाराकडे रोजावर गेला, असे कितीतरी घरांत घडले. खाण बंद झाली की कायम कामगाराची बदली होते. ठेकेदाराच्या माणसाला कोण विचारतो? आणि खाण कधीतरी संपतेच. वरोड्याची खाण १८७१ साली सुरू झाली, १९०६ साली बंदही पडली.

आता दुसरीकडे पाहा. २०१९ ची कुसुम योजना आणि २०२४ ची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यांमुळे शिवारात सौरपंप उभे राहिले. पाच वर्षे दुरुस्तीची हमी आहे. पण ऐन उन्हाळ्यात पंप बसला आणि दुरुस्तीचा माणूस आठ दिवस फिरकला नाही, तर मिरची काही थांबत नाही. माणूस गावातलाच हवा.

तो खाणीत सापडेल. खाणीत पाणी उपसणारे पंप रात्रंदिवस चालतात, नाहीतर खाण बुडते. त्या पंपावर ज्याने दहा वर्षे काढली, त्याला झिजलेला इंपेलर, गळके सील, केबलचा कच्चा जोड शिकवावा लागत नाही. फिटर, वेल्डर, वायरमन यांचेही तसेच.

नवे शिकायचे ते विजेचे. घरातली वीज मेन स्विच पाडला की थांबते. पॅनेलचे, म्हणजे आपल्या प्लेटांचे, तसे नाही. ऊन आहे तोवर त्यांत वीज असतेच. प्लेटा एकापुढे एक जोडल्या की दाब काहीशे व्होल्टपर्यंत चढतो. चालू असताना जोड ओढला, तर ठिणगी लवकर विझत नाही, हात भाजतो. जुन्या वायरमननेही येथे फाजील धीटपणा करू नये. शिवाय प्लेटांचे तोंड दक्षिणेला, योग्य उतार, पक्के अर्थिंग हेही आले. खाणीजवळ कोळशाची धूळ बसते. ती सकाळीच धुवावी, तापल्या काचेवर गार पाणी ओतले तर काच तडकू शकते.

शिकायचे कुठे? केंद्राने २०१५ साली ‘सूर्यमित्र’ नावाचे ६०० तासांचे प्रशिक्षण सुरू केले. अट मात्र दहावी आणि आयटीआयची. खरी मेख येथेच आहे. सातवीत शाळा सुटलेला, पण पंप डोळे मिटून खोलणारा गडी दाराबाहेरच राहतो. अशांची परीक्षा कागदावर नव्हे, पंपापाशी घ्यावी, असे आम्हांस वाटते. मुलगा दहावी झाला असेल, तर आयटीआयत सोलर टेक्निशियनचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. जवळच्या आयटीआयत चौकशी करा. मुलीलाही पाठवा, पाना फिरवायला मिशा लागत नाहीत!

एक मात्र सांगून ठेवतो. मोठ्या सौरप्रकल्पाच्या भरवशावर राहू नका. उभारणीच्या महिन्यांत माणसांची झुंबड, मग गवत कापायला, प्लेटा धुवायला आणि राखणीला मोजकेच हात उरतात. टिकाऊ काम विखुरलेल्या पंपांचे. खाजगी क्लासवाला पैसे मागू लागला, तर आधी विचारा, खोलायला खरा पंप आहे का? नुसता फळा असेल, तर पैसे खिशातच राहू द्या.